तीन तारे, एक पॉइंट : पॅरिसमधलं कापड, 1942

जून 1942 च्या पहिल्या आठवड्यात पॅरिसमधल्या ज्यू कुटुंबांना आपापल्या भागातल्या पोलीस चौकीवर जाऊन कापडाचे तुकडे आणावे लागले. सहा वर्षांपासून पुढच्या प्रत्येक माणसामागे तीन. पिवळं कापड, त्यावर काळ्या रेघेनं छापलेला तळहाताएवढा सहा टोकांचा तारा आणि मधोमध काळ्या अक्षरांत ‘ज्युईफ’, म्हणजे ज्यू. जर्मनांचा हा आदेश 29 मे रोजी निघाला होता आणि रविवार, 7 जूनपासून तो लागू होणार होता. तारा छातीवर डाव्या बाजूला, स्पष्ट दिसेल असा आणि घट्ट शिवलेला हवा, असं त्यात लिहिलं होतं. तारे देताना चौकीवर कपड्यांच्या रेशनकार्डातला एक पॉइंट कापून घेत.

या एका पॉइंटावर फार कमी लिहिलं गेलंय असं मला वाटतं. ताऱ्याबद्दल पुष्कळ लिहिलं आहे, पॅरिसच्या युद्धकाळातल्या फॅशनबद्दल तर विचारूच नका. पण हे दोन विषय वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जातात. एकीकडे छळाचा इतिहास, दुसरीकडे लाकडी तळांचे बूट आणि भलेमोठे फेटे. त्या पॉइंटात मात्र दोन्ही एकत्र येतात. चौकीवरच्या माणसाला हिशोब जुळवायचा होता. कापड दिलं म्हणजे कार्डातून वजा करायला हवं. ज्याला ते कापड नको होतं, त्याच्याच वाट्यातून ते वजा झालं.

आणि ही पॅरिसच्या एखाद्या कारकुनाची लहर नव्हती. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये माणशी चार तारे मिळत, त्यासाठी कपड्यांचं एक कूपन जाई आणि वर पैसेही मोजावे लागत.

कार्ड आलं कुठून

हे समजायला दोन वर्षं मागे जावं लागतं. जून 1940 मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये आलं तेव्हा दुकानं भरलेली होती. जर्मनांनी मार्काचा भाव 20 फ्रँक ठरवला, खऱ्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे साध्या शिपायालाही रेशमी मोजे, लोकरीचं कापड, अत्तरं, बूट स्वस्त पडू लागले. ते दुकानात शिरत आणि हातभर सामान घेऊन बाहेर पडत. पैसे देऊनच घेत, त्यामुळे कागदोपत्री ही लूट नव्हती. शिवाय जर्मन सैन्याचा खर्च म्हणून फ्रान्सला रोज 40 कोटी फ्रँक भरावे लागत होते. म्हणजे त्या शिपायाच्या खिशातले फ्रँकही एका अर्थानं फ्रान्सचेच होते.

पुढची अडचण कच्च्या मालाची. फ्रान्समध्ये कापूस पिकत नाही आणि लोकरही बहुतेक बाहेरून यायची. ब्रिटनच्या नाकेबंदीमुळे दोन्ही बंद झाली. गोदामांत जो साठा होता त्यावर जर्मनांचा डोळा होता. 1941 च्या सुरुवातीला झालेल्या केर्ल योजनेनुसार फ्रेंच लोकर आणि कापूस मोठ्या प्रमाणात जर्मनीकडे वळवला गेला आणि फ्रेंच गिरण्यांनी लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम धाग्यावर भागवावं असं ठरलं. लोकरीच्या गिरण्यांचं मोठं केंद्र म्हणजे उत्तरेकडचा रूबे-तुर्कोआंचा पट्टा, आणि तो तर पॅरिसच्या जर्मन कमांडकडे नव्हताच. तो ब्रुसेल्सच्या कमांडला जोडला होता.

त्या कृत्रिम धाग्याला फ्रान्समध्ये फिब्रान म्हणत. दिसायला तो बरा. ओला झाला की मात्र त्याचा जोर जातो, सुकला की आटतो आणि लगेच चुरगळतो. त्यात साबणही रेशनवर. ज्या कपड्याला जपून धुवायला हवं तोच धुवायला धड साबण नाही, अशी घराघरात परिस्थिती होती.

जानेवारी 1941 मध्ये बुटांचं रेशनिंग सुरू झालं आणि जुलै 1941 मध्ये कपड्यांचं कार्ड आलं. त्यावर 100 पॉइंट. वस्तूप्रमाणे पॉइंट ठरलेले आणि ते सगळे एकदम वापरताही येत नसत. पॉइंट असले तरी दुकानात माल असेलच असं नाही, आणि माल असला तरी पैसे लागतच. म्हणून लोकांनी घरातलंच कापड उलटसुलट करून वापरायला घेतलं. घोंगडीचा कोट, पडद्याचा झगा, नवऱ्याच्या जुन्या सुटातून बायकोचं जॅकेट. नवरा युद्धकैदी म्हणून जर्मनीत असेल तर त्याचे सूट कपाटात तसेच लटकलेले असत, आणि असे कैदी लाखांनी होते. जुने स्वेटर उसवून लोकर पुन्हा विणली जाई. त्या वर्षांतले हिवाळे कडक होते आणि कोळसा मिळत नव्हता, म्हणून माणसं कपड्यांच्या आत वर्तमानपत्राचे कागद घालून फिरत. चामडं सैन्याकडे गेलं, म्हणून बुटांना लाकडी तळ आले. पॅरिसच्या फरसबंद रस्त्यांवरचा त्यांचा खडखडाट त्या काळातल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे.

उच्चभ्रूंसाठी वेगळी वाट होती, तेही सांगायला हवं. 1940 मध्येच पॅरिसची फॅशनगृहं बर्लिन आणि व्हिएन्नाला हलवायचा जर्मनांचा विचार होता. फॅशनगृहांच्या संघाचे प्रमुख ल्युसियां लेलाँ यांनी वाटाघाटी करून तो टाळला. या गृहांच्या गिऱ्हाइकांसाठी खास कार्डं निघाली, सुमारे 20,000. कारागीर बायकांच्या नोकऱ्या त्यातून वाचल्या, हे लेलाँ यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याच शहरात कापडाच्या हिशोबाची दोन खाती होती, हेही खरं.

ताऱ्याचं कापड

तारा ही कल्पना पॅरिसला नवीन असली तरी नाझींना नवीन नव्हती. पोलंडमध्ये 1939 पासूनच खुणेच्या पट्ट्या आणि तारे आले होते, खुद्द जर्मनीत सप्टेंबर 1941 पासून. फ्रान्समध्ये तो आणण्यामागे पॅरिसमधल्या एस.एस. या नाझी संघटनेच्या ज्यूविषयक विभागाचा प्रमुख थिओडोर डानेकर होता. मार्शल पेतां यांच्या, जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या विशी सरकारनं आपल्या ताब्यातल्या दक्षिण भागात तारा लावला नाही. पण पॅरिसमध्ये चौकीवर बसून तारे वाटणारे पोलीस फ्रेंच होते, कापड पॅरिसच्याच एका कंपनीनं पुरवलं आणि छापलंही फ्रेंच छापखान्यात. छपाई 4,00,000 ताऱ्यांची झाली.

हा आकडा डोळ्यांसमोर आणून बघा. लोकांना धडके शर्ट मिळत नव्हते. बाळंतिणीला लंगोटाचं कापड मिळवायला वणवण करावी लागत होती. अशा वेळी लाखो ताऱ्यांचं कापड निघालं, रंगलं, छापलं गेलं आणि वेळेवर चौकीवर पोचलं. टंचाई होती, पण कशासाठी नव्हती तेही यातून दिसतं.

तारा सुटा, कापलेला मिळत नसे. कापडावर छापलेला असे, कापायचा घरी. शिवणकाम करणाऱ्याला यातली कटकट लगेच कळेल. सहा टोकं म्हणजे बारा कडा आणि आत वळणारे सहा कोपरे. नुसता कापून लावला तर कडेचे धागे सुटतात, चार दिवसांत टोकं विसविशीत होतात. म्हणून कड आत दुमडायची. बाहेरची टोकं दुमडताना कापडाची गाठ होते, ती छाटायची. आतल्या कोपऱ्यात कात्रीचा बारीक कट द्यायचा, नाहीतर दुमड बसत नाही. कट थोडा जास्त गेला की काळी रेघच फाटते. मग खाली अस्तराचा तुकडा लावून बारीक हातशिलाईनं सगळा काठ पक्का करायचा. एक तारा नीट लावायला बराच वेळ जातो, आणि दोराही कुठे सहज मिळत होता?

त्यात माणशी तारे तीनच. कोटावर एक, जॅकेटवर एक, झग्यावर किंवा शर्टावर एक. पण महिना जूनचा. उन्हाळ्यात कोट घालून कोण फिरेल? ब्लाउज बदलला, शर्ट धुवायला टाकला की तारा उसवायचा आणि दुसऱ्यावर शिवायचा. लहान मुलांचे कपडे तर रोजच मळतात. म्हणून कोणी ताऱ्याला मागून टिचबटणं लावली, कोणी टाचण्या टोचल्या. सोय म्हणून हे अगदी साधं होतं. आदेशात मात्र ‘घट्ट शिवलेला’ असं होतं, आणि पोलीस बोट घालून तपासत. टाचणीनं लावलेल्या ताऱ्यापायी माणसं पकडली गेली, पॅरिसजवळच्या द्रान्सीच्या कैदी छावणीत पाठवली गेली. शिवण कशी आहे यावर माणसाचं स्वातंत्र्य ठरलं, असं मी दुसऱ्या कुठल्या काळाबद्दल वाचलेलं नाही.

7 जूनच्या रविवारी काय झालं याच्या बऱ्याच नोंदी आहेत. पुष्कळ ज्यू मुद्दाम ताठ मानेनं बाहेर पडले. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांनी ताऱ्याशेजारी आपली फ्रेंच पदकं लावली. काही बिगर-ज्यू तरुणांनी घरी पिवळ्या कागदाचे किंवा कापडाचे तारे करून त्यावर ‘स्विंग’, ‘झुलू’, ‘ओव्हर्न्या’ असं काहीबाही लिहून ते छातीवर लावले. कोणी पिवळा रुमाल खिशात खोवला, कोणी पिवळं फूल लावलं. एका बाईनं तारा कुत्र्याच्या गळ्यात बांधला. यातल्या काही जणांना अटक झाली आणि ‘ज्यूंचे मित्र’ अशी पाटी लावून ऑगस्टअखेरपर्यंत कोंडून ठेवलं गेलं. संख्येनं ही माणसं थोडी होती. पण कपड्याला कपड्यानं उत्तर देणारी होती, म्हणून त्यांचा उल्लेख राहून जाता कामा नये.

शिवणारे हात

आता या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. ज्यांच्या छातीवर तारा आला, त्यांतल्या फार मोठ्या संख्येचं पोटच शिवणकामावर होतं. 1940 च्या शिरगणतीत पॅरिस परिसरात सुमारे दीड लाख ज्यूंची नोंद झाली. त्यांतले निम्म्याच्या आसपास लोक पोलंड, रशिया, रुमानिया अशा देशांतून आलेले. बेलव्हीलमध्ये, दहाव्या-अकराव्या विभागात, माऱेच्या गल्ल्यांत ते शिंपी होते, टोप्या करणारे होते, फरचं काम करणारे होते, स्वेटर विणणारे आणि चामड्याच्या पिशव्या शिवणारे होते. बरेच जण घरीच मशीन ठेवून नगावर काम करायचे. व्यापारी कापलेला माल देई, शिवून झाला की मोजून नेई. एका खोलीत मशीन, इस्त्री, जेवणाचं टेबल आणि मुलांची गादी. नवरा मशीनवर, बायको हातशिलाईला, मोठी मुलगी बटणं लावायला.

ऑक्टोबर 1940 च्या आदेशानं त्यांची दुकानं आणि कारखाने ज्यूंचे म्हणून नोंदवले गेले, मग त्यांवर सरकारनियुक्त व्यवस्थापक बसले. जुलै 1941 च्या विशीच्या कायद्यानं हे सगळ्या फ्रान्सला लागू झालं. ‘आर्यीकरण’ असं त्याला नाव होतं. मोठी पेढी असेल तर ती विकली जाई. पण घरातल्या एका मशीनवर चालणाऱ्या धंद्यात विकणार काय? तिथे परवाना रद्द करून धंदाच बंद केला जाई. त्या माणसाला मग दुसऱ्याच्या नावानं, पडेल त्या दरात काम घ्यावं लागे.

आणि काम होतं! पूर्वेच्या आघाडीवर रशियाच्या थंडीत जर्मन सैन्य गारठलं होतं. त्याला फरच्या बंड्या आणि हातमोजे हवे होते. ते शिवणारे कुशल कारागीर पॅरिसमध्ये बहुतेक ज्यूच होते. म्हणून या कारागिरांना संरक्षणाचा परवाना मिळाला. तो खिशात असेपर्यंत अटक टळायची शक्यता होती. ज्यांना जर्मनी संपवायला निघाली होती, त्यांच्याच बोटांवर तिच्या शिपायांची ऊब अवलंबून होती. काही कारखान्यांत ज्यू कम्युनिस्ट गटांनी कामात घातपात करायचं आवाहन केलं आणि ते झालंही. काम लांबवायचं, शिलाई कच्ची ठेवायची. तर दुसरीकडे आपला परवाना टिकावा म्हणून रात्ररात्र जागून जास्तीत जास्त नग पुरे करणारेही होते. पोरंबाळं घरात असलेल्या त्या माणसांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. परवाने पुढे एकेक करून रद्द झालेच.

या लोकांना पोलीस चौकीवरून आणलेला तारा लावायला कोणी शिकवायची गरज नव्हती. उत्तम तुरपलेला, कडा धारदार, टाका दिसणार नाही असा लावलेला तारा छायाचित्रांत पाहिला की हे कोणाच्या हातचं काम असेल याची कल्पना येते. सवय झालेला हात वाईट काम करूच शकत नाही.

दुपारचे तीन ते चार

8 जुलैला निघालेल्या, ज्यूंविरुद्धच्या जर्मन आदेशांपैकी नवव्या आदेशानं ज्यूंना उपाहारगृहं, नाट्यगृहं, बागा, ग्रंथालयं, पोहण्याचे तलाव बंद झाले. दुकानात जायला दिवसात एकच तास उरला, दुपारी तीन ते चार. सकाळी रांगा लावून लोक माल उचलत, तीनपर्यंत फळ्या रिकाम्या होत. उरलेले पॉइंट कार्डावर तसेच राहिले तरी त्यांचं काहीच मिळत नव्हतं. मेट्रोतही शेवटचा डबाच त्यांच्यासाठी. तारा नसता तर हे नियम राबवायला दारोदार कागद तपासावे लागले असते. आता दुकानदार, कंडक्टर, शेजारी, कोणीही एका नजरेत ओळखू शकत होता.

आठवडाभरातच, 16 आणि 17 जुलैला, पॅरिसच्या पोलिसांनी धरपकड केली. 13,152 माणसं. त्यांत 4,115 मुलं. कुटुंबंच्या कुटुंबं व्हेल दिव्ह या सायकल शर्यतींच्या बंदिस्त मैदानात कोंडली गेली. पोलिसांना दिलेल्या सूचनांत, पकडलेल्या माणसाला काय बरोबर घेऊ द्यायचं याची यादी होती. बुटांचा जोड, मोज्यांचे दोन जोड, दोन शर्ट, दोन आतल्या चड्ड्या, कामाचा एक पोशाख, एक स्वेटर, दोन ब्लँकेटं, चादरींचा जोड, ताट-वाटी आणि किमान दोन दिवसांचं खाणं. गॅस, वीज बंद करून घराच्या किल्ल्या दरवानाकडे ठेवायच्या.

ही यादी मी पुन्हापुन्हा वाचली आहे. प्रवासाला निघणाऱ्या माणसाची असावी तशी ती दिसते, आणि कित्येकांना ती वाचून धीरही आला असणार. ‘कामाचा पोशाख’ म्हणजे कामाला नेत असतील. पण पाच वर्षांच्या मुलाला कामाचा पोशाख कुठला द्यायचा?

जे निसटले त्यांना आधी तारा काढावा लागला. उसवणं सोपं, पण जिथे तो होता तिथे टाक्यांची भोकं राहतात आणि आसपासचं कापड उन्हानं विटलेलं असेल तर खालचा मूळ रंग ताऱ्याच्या आकारात उठून दिसतो. ओल्या फडक्यानं पुसून, ब्रश मारून, इस्त्री करून भोकं बुजवायची, नाहीतर तो कपडाच सोडायचा. एकच कोट असलेल्या घरात कोट सोडायचा म्हणजे काय, हे 1942 च्या पॅरिसमध्ये सांगावं लागत नव्हतं.

घरातलं उरलेलं कापड

किल्ल्या दरवानाकडे राहिल्या, घरं तशीच. जर्मनांनी मग ‘म्योबेल आक्शियोन’ (म्हणजे फर्निचर मोहीम) नावाची मोहीम चालवली. पळालेल्या आणि नेलेल्या ज्यूंची घरं रिकामी करून सामान जर्मनीत बॉम्बहल्ल्यांत बेघर झालेल्यांना पाठवायचं. एकट्या पॅरिसमध्ये सुमारे 38,000 घरं रिकामी झाली. फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स मिळून 69,000 च्या वर. किमती चित्रं आणि पियानो यांच्याबद्दल आपण वाचतो. प्रत्यक्षात या ढिगाचा मोठा भाग होता चादरी, टॉवेल, पडदे, लेकरांचे झबले, कोट, शिवणयंत्रं, भांडी आणि दिवे.

हे सगळं निवडायला माणसं लागत. जुलै 1943 पासून पॅरिसमध्येच तीन जागी कैदी कामाला लावले गेले. ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळच्या गोदामात, फोबूर सां-मार्तांवरच्या लेव्हितां या फर्निचरच्या दुकानात आणि रू बासानोवरच्या एका बंगल्यात. तिघांत मिळून सुमारे 800 जण. बहुतेक द्रान्सीहून आणलेले, बिगर-ज्यू जोडीदार असलेले किंवा युद्धकैद्यांच्या बायका. लेव्हितांमध्ये खोकी उघडून सामान प्रकाराप्रमाणे मांडलं जाई आणि जर्मन अधिकारी येऊन दुकानात निवडावं तसं निवडून नेत. रात्री कैदी वरच्याच मजल्यावर झोपत. बासानोमध्ये ज्यू शिवणकाम करणाऱ्या बायकांकडून अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी कपडे शिवून घेतले जात.

खोकी उघडताना आपल्याच घरचं सामान समोर आलेल्या कैद्यांनी नंतर साक्षी दिल्या आहेत. कापड ओळखायला नाव लागत नाही. चादरीच्या कोपऱ्यावरची भरतकामाची अक्षरं, कुठे कसा रफू केलाय, कोणत्या झग्याला पडद्याचं कापड जोडलंय, हे ज्यानं केलं त्याला दिसतंच. बोलायचं मात्र नाही. घडी करायची आणि ढिगात ठेवायची. काम नाकारलं किंवा कोणी पळालं तर द्रान्सीला परत, आणि तिथून पूर्वेकडच्या छावण्यांची गाडी.

फ्रान्समधून एकूण सुमारे 76,000 ज्यू पूर्वेकडच्या छावण्यांत नेले गेले. त्यातले अगदी थोडे परतले. परतलेल्यांना घरात दुसरं कोणी राहत असलेलं आढळलं, नाहीतर खोल्या रिकाम्या होत्या. कपड्यांचं रेशन अजून चालूच होतं.

पश्चिम जर्मनीनं 1957 मध्ये भरपाईचा कायदा केल्यावर फ्रान्समधून हजारो अर्ज गेले. त्यात घरात काय काय होतं ते लिहून द्यावं लागे. खोल्या किती, पलंग किती, चादरी किती, कोट किती, शिवणयंत्र कोणत्या बनावटीचं. जे परतले नाहीत त्यांच्या घरची यादी मुलं किंवा भाऊ-बहिणी आठवून लिहीत आणि शेजारी त्यावर साक्ष देत. 1999 मध्ये फ्रान्स सरकारनं स्वतःचा भरपाई आयोग नेमला, तेव्हाही असेच अर्ज आले. आता लिहिणारी ती मुलं साठी-सत्तरीला आली होती आणि आईच्या कपाटात चादरींचे किती जोड होते ते कागदावर मांडत होती.